खोड सांगून विकलेली गाडी

टोकावडे, १८ जानेवारी

चि. सौ. प्रियांका,

तुला आशीर्वाद, तुझ्या आईवडिलांना नमस्कार.

तुझा फोन लागत नाही. लागलाच तर तुझा भाऊ उचलतो आणि "ताई शेतावर हाय" म्हणून ठेवतो. या दिवसांत डोळखांबला शेतावर एवढं काय काम निघतं, ते मी विचारलं नाही. सासऱ्याने फार विचारू नये. म्हणून पत्र लिहायला बसलो. पाकीट घ्यायला गेलो तर पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "धर्मादादा, आता पत्रं फक्त बँका नि कोर्टं लिवतात." म्हटलं, आणि सासरे लिहितात.

परत ये म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगतो. तू माहेरी विश्रांतीला गेलीस, विश्रांती लांबली, एवढंच मी गावात सांगतो. तुझ्या सासूला लोक खोदून विचारतात. ती पाण्याचा हंडा घेऊन निघून येते आणि घरी माझ्यावर चिडते.

लिहायचं कारण गाडी आहे. ओमकार व्हॅन घेतोय. नवी परवडत नाही, म्हणजे जुनीच. आधीची भंगारात दिली, ते तुला कळलं असेल. भेंडी तोडायला आली आहे आणि कल्याणच्या बाजारात दुसऱ्याच्या टेम्पोतून माल पाठवायचा म्हणजे त्याच्या वेळेने नाचायचं. शिवाय आपल्या पाड्यावर दारात गाडी असल्याशिवाय भागत नाही, हे आता तुला काय सांगायचं. ही गोष्ट तुला आमच्याकडून कळावी, बाजारातून कळू नये, असं वाटलं.

मंगळवारी मी आणि तो शहापूरला गेलो होतो. हायवेला लागून एक जण जुन्या गाड्या विकतो. ओळीने उभ्या केलेल्या, टायरला काळा रंग, आत अत्तराचा वास. लग्नातल्या नवरदेवांसारख्या. ओमकार सीटची कव्हरं बघत होता. मला गाडीतलं कळत नाही, बैलातलं कळतं. एकेकाळी म्हशाच्या जत्रेत लोक मला बैल पारखायला घेऊन जात, हे तू तुझ्या सासूकडून शंभर वेळा ऐकलं असशील. मी आपला पायापासून सुरुवात केली. एका पांढऱ्या व्हॅनमधली नवी रबरी चटई उचलली, तर खाली पत्रा तांबेरलेला, आणि सीट सरकवायच्या पट्टीत वाळलेला गाळ. नदीचा गाळ. कुठल्या तरी पुरात ती गाडी सीटपर्यंत बुडालेली होती.

मी काही बोललो नाही. माझ्या बापाची शिकवण होती, की जनावर पसंत नसलं तरी मालकासमोर त्याला नावं ठेवायची नाहीत. पाठीवर थाप मारायची आणि पुढं चालायचं. तसं मी त्या व्हॅनच्या बॉनेटवर थाप मारली आणि चहा प्यायला गेलो. विकणारा आणि ओमकार मागे बोलत राहिले.

गुडघे फार दुखतात. शहापूरच्या एसटी स्टँडवर बसायला जागा नव्हती. असो. गाडी अजून ठरलेली नाही.

तुझा सासरा,
धर्मा

•

टोकावडे, २ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियांका,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. उत्तर यायलाच पाहिजे असं नाही. मी लिहितो.

परवा मी भेंडीला पाणी सोडत होतो आणि माझा फोन वाजला. शहापूरचा तो विकणारा. "काका, गाडी कधी नेताय? इसार देऊन पंधरवडा झाला."

मला आधी वाटलं, चुकून लागला. मग समजलं. ओमकारने त्या बुडालेल्या गाडीचा इसार देऊन टाकला होता. मी बॉनेटवर थाप मारली, ती त्याने पसंती समजली! त्याला तरी कुठून कळणार? तो कळता झाला तेव्हा आपले बैल गेलेले, ट्रॅक्टर आलेला. माझ्याबरोबर जत्रेला तो फक्त पाळण्यात बसायला यायचा. विकणारा म्हणाला, "वडिलांना आवडलेली दिसते," आणि ह्याने पैसे काढून दिले. यावर मी हसलो, खरंच हसलो. एवढ्यावर राहिलं असतं तर घरात वर्षभर सांगायला एक गंमत झाली असती.

पण शहापूरहून आलो त्याच रात्री जेवताना मी तुझ्या सासूला गाळाचं सगळं सांगितलं होतं. ओमकार समोरच बसला होता. त्याने ऐकलं, भाकरी संपवली, हात धुतला आणि गप्प बसला. त्या दिवसापासून फोन येईपर्यंत गप्प. इसार तर बुडालाच, त्याचं मला दुःख नाही.

मी विचारलं, "सांगितला का नाय?"

म्हणाला, "तुमी ओरडला असता."

"ओरडलोच असतो. मग?"

तो खाली बघत राहिला. तुझी सासू मध्ये पडली, "जाऊ द्या ना, पोराचा जीव घ्याल का." तिला त्याचं नेहमीच जाऊ द्यायचं असतं.

आता पुढचं लिहू की नको, यात माझी अख्खी रात्र गेली. काल मी मुरबाडला संदेश मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, इथून पुढे गाडी बघायला याला घेऊनच जायचं. बोलता बोलता तो म्हणाला, "दादा, या वेळी स्टार्टर आधी बघू. मागच्या गाडीचा स्टार्टर गणपतीपासूनच गेलेला होता. मी ओमकारला बोललो होतो बदल म्हणून. तो बोलला, भात झोडून झाल्यावर बघू."

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. संदेशने पाणी दिलं.

प्रियांका, तो गाडी रोज देवळामागच्या उतारावर लावायचा. मी समजत होतो, आंब्याची सावली असते म्हणून लावतो. आपल्याकडे निम्म्या गाड्या अशाच उतारावर उभ्या असतात, ढकलल्या की चालू होतात, पण आपली त्यातली आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कोंडूच्या पोरीचा साखरपुडा होता. पाहुण्यांच्या गाड्यांनी उतार भरून गेला, म्हणून याने व्हॅन खाली खळ्यात लावली. सपाटीवर. आणि दुपारी तुला कळा सुरू झाल्या.

बाकीचं तुला माहीत आहे. आम्ही सगळे धक्का मारत होतो आणि गाडी हूं की चूं करत नव्हती. टोकावड्याहून जीप येईपर्यंत, मुरबाडला पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं. त्याने सगळ्यांना सांगितलं, गाडी अचानक बंद पडली. मीही लोकांना तेच सांगत आलो. देवाने केलं, असं म्हणत आलो.

हे तुला कळवणं म्हणजे मुलाचा संसार स्वतःच्या हाताने मोडणं, असं तुझी सासू म्हणेल. तिला मी हे पत्र दाखवलेलं नाही. पण तुझ्यापासून लपवून तुला "आशीर्वाद" कसा लिहू? मला फार थकवा आलाय. मुलावर राग धरायलाही अंगात बळ लागतं.

तुझा सासरा,
धर्मा

•

डोळखांब, ९ फेब्रुवारी

ती. मामांना प्रियांकाचा नमस्कार.

दोन्ही पत्रं मिळाली. शेतावर काम नसतं, तुमचं खरं आहे.

तुम्ही लिहिलं ते मला माहीत होतं. त्या दिवसापासून माहीत होतं. मी ओटीवर भिंतीला धरून उभी होते. ओमकार खळ्यात गाडीकडे गेला आणि चावी लावायच्या आधीच "धक्का मारायला या रे" म्हणून ओरडला. चावी फिरवून बघितलीच नाही. ज्याची गाडी अचानक बंद पडते, तो आधी चावी फिरवतो, मामा. दोनदा, चारदा फिरवतो. मला एवढ्या कळा येत होत्या, तरी ते मी बघितलं. विसरता येत नाही.

दवाखान्यात मी वाट बघितली, आज सांगेल, उद्या सांगेल. तो मोसंबीचा रस आणायचा आणि "अचानक बंद पडली गं" म्हणायचा. प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगायचा. मी पण मान हलवायचे. मग मला त्याच्या हातचा रस जाईना. म्हणून मी इकडे आले. गाडी बंद पडली म्हणून नाही आले. गाड्या सगळ्यांच्याच बंद पडतात.

एक मागते. हे पत्र त्याला दाखवू नका, आणि मला माहीत आहे असंही सांगू नका. सांगितल्यावर बोलला, तर ते बोलणं माझ्या काही उपयोगाचं नाही. तुम्हाला गप्प बसणं जड जाईल, मला माहीत आहे.

गाडी कुठली घ्यायची ते तुम्ही बघा. आत्यांना नमस्कार सांगा. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधायला सांगा.

तुमची,
प्रियांका

•

टोकावडे, २१ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियांका,

आशीर्वाद. तुझं पत्र मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तोंड शिवून घेतलं. तुझी सासू दोनदा विचारून गेली, "तुमाला बरा वाटत नाय का?" एवढा मी गप्प होतो.

संदेशला बरोबर घेऊन आम्ही गाड्या बघत फिरलो. संदेशचा नियम एकच. न सांगता जायचं, सकाळी लवकर जायचं, मालकाने गाडी चालू करून तापवून ठेवायच्या आत. गार गाडी खोटं बोलत नाही, म्हणतो. बैलाचंही असंच असतं, पण हे मी त्याला बोललो नाही, नाहीतर तो मला जत्रेच्या गोष्टी सांगायला लावतो आणि गाडी राहते बाजूला.

मुरबाडच्या अलीकडे एक जण लग्नाच्या जेवणाची कामं घेतो, त्याची व्हॅन बघायला गेलो. गाडी देखणी. संदेश बॉनेट उघडायला पुढे झाला, तर ओमकार रस्त्यावरूनच म्हणाला, "ही नको."

संदेश म्हणाला, "अरे, बघू तर दे."

"उतारावर लावलीय."

एवढंच बोलला आणि मोटरसायकलकडे चालू लागला. मालक मागून ओरडत होता, "अहो, जागा नाय म्हणून तिथं लावलीय!" खरंही असेल. मी ओमकारच्या मागे गेलो. त्याचे कान लाल झाले होते. प्रियांका, माझ्या जिभेवर आलं होतं. तुझा शब्द होता म्हणून गिळलं.

नंतर भातसानगरला गेलो. तिथे धोंडूबाई म्हणून एक बाई आहेत, नवरा शाळेची मुलं ने-आण करायचा. आता त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून गाडी विकायची. तो आत खाटेवर बसून होता, व्यवहार सगळा बाई बघत होत्या. आम्ही गेलो तेव्हा अंगणात सडा घालत होत्या. गाडी तिथेच, सपाट अंगणात, रात्रीचं दव तसंच तिच्यावर.

संदेशने काही विचारायच्या आत बाईंनी हात पुसले आणि सुरू झाल्या. "आधी खोडी आयका. मागचा दार आतून उघडत नाय, भायेर उतरून उघडायला लागतो. वायपर एकाच बाजूचा चालतो. घाटात तापली की दुसऱ्या गिअरला नखरे करते, जरा दमानं घ्यायला लागतं. आन् डावीकडून एकदा बैलगाडीला घासलीय, तिथं पत्रा ठोकून रंग मारलाय, बघा हात लावून. बाकी सकाळी एका चावीला उठते. माज्यासारकी."

संदेश हसायला लागला. त्याने चावी फिरवली. उठली एका चावीला. मग खाली शिरला, तेल बघितलं, ब्रेक बघितले, टायर बघितले, धरणाच्या रस्त्याला चढावर नेऊन आणली. आल्यावर म्हणाला, बाईंनी सांगितलं तेवढंच आहे, जास्त काही नाही.

ओमकार इतका वेळ दाराशी उभा होता. म्हणाला, "मावशी, एवढा सगला सांगितल्यावर गाडी कोन घेईल?"

त्या म्हणाल्या, "ज्याला घ्यायचीय तो घेईल. न सांगता इकली, आन् वाटेत कोनाचा पोर अडकला, तर मी झोपू कशी रे?"

सहज बोलल्या. त्यांना काय माहीत. ओमकार अंगणातून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेलो, तर कालव्याच्या कठड्यावर बसला होता, तोंड गुडघ्यात घालून. मी शेजारी बसलो. मला बसायला वेळ लागला, तोपर्यंत त्याने डोळे पुसले. मग सगळं बोलला. स्टार्टरचं, उताराचं, तुला रोज सांगीन म्हणत कसं राहून गेलं ते. "गाडी सपाटीवर लावताना मनात आला होता बाबा, की आज कुठं जायला लागलं तर? पन म्हटलं, आज कुठं जायचंय."

हे त्याचं वाक्य मला फार लागलं. मी ओरडलो नाही. मला ओरडावंसं वाटलंच नाही. माझ्या पोराला मी मांडीवर घ्यावं असं वाटलं, पण पोर दाढीवाला आहे. मी एवढंच म्हणालो, "हा मला सांगून भागायचा नाय."

"ती ऐकून घेईल?"

"मला काय ठाव?" म्हटलं. इतकं खोटं मी आयुष्यात सरळ तोंडाने बोललो नव्हतो.

गाडी घेतली. बाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडली तशा पदर डोळ्याला लावून आत गेल्या. वर्षानुवर्षं त्याच गाडीच्या आवाजावर त्यांनी नवऱ्याची वाट बघितली असणार.

उद्या सकाळी ओमकार तुझ्याकडे येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, चिकटवून. तो फोडणार नाही. तेवढा विश्वास मी आता टाकून बघतो. तू सांगितलेलं मी पाळलं आहे, तो येतोय तो स्वतःहून येतोय. त्याला मी सांगितलंय, आधी गाडीच्या खोडी सांग, मग स्वतःची. ती गाडीत बसली नाही तर रिकामी गाडी घेऊन ये, पण काही पोटात ठेवून येऊ नकोस.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, परत ये म्हणून लिहीत नाही. ते काही खरं नव्हतं. मला तू घरात हवी आहेस. पण तुझ्या मनाविरुद्ध नको.

तुझा सासरा,
धर्मा

•

डोळखांब, २२ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र ओमकारबरोबरच पाठवते आहे. हेही तो फोडणार नाही, आणि फोडलं तरी यात त्याच्यापासून लपवण्यासारखं आता काही नाही.

तो सकाळी आला. अंगणातच उभा राहिला, ओटीवर चढला नाही. आई पाणी घेऊन गेली तर म्हणाला, आधी बोलतो. बाबा, दादा, आई सगळे होते. मी वाल सोलत होते, सोलत राहिले. त्याने आधी मागच्या दाराचं सांगितलं, वायपरचं सांगितलं, गिअरचं सांगितलं. दादाला वाटलं, हा आम्हालाच गाडी विकायला आलाय. मग तो त्या दुपारवर आला. सगळं सांगितलं. चावी का फिरवली नाही तेही सांगितलं, मी न विचारता. शेवटी म्हणाला, "आपली पोरगी होती ती." मामा, इतक्या महिन्यांत तो एकदाही तिला पोरगी म्हणाला नव्हता. "ते झालं" म्हणायचा. मग माझ्याच्याने सोलवेना. मी खूप रडले. तोही रडला. बाबा उठून गोठ्यात गेले.

मी त्याच्याबरोबर निघाले नाही. राग गेला असं वाटतं, पण त्या ओटीवर परत उभं राहायचं म्हणजे अजून अंगावर काटा येतो. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

पण गाडी मी ठेवून घेतली आहे. भाविका वहिनीचे दिवस भरत आले आहेत. आमच्या पाड्यावर एकही गाडी नाही, जीप सकाळी एकदा येते आणि भरली की निघून जाते. मी ओमकारकडे हात पुढे केला आणि चावी मागितली. त्याने का, किती दिवस, काही विचारलं नाही. भेंडीचा माल कसा जाणार तेही बोलला नाही. ते तुम्ही दोघांनी बघा, थोडे दिवस टेम्पोवाल्याच्या वेळेने नाचा. दादाला गाडी येते. मलाही तो शिकवणार आहे, भाताच्या मोकळ्या खाचरात. शहापूरच्या रस्त्याला एकटीने नेता येईपर्यंत शिकणार आहे. यापुढे मला कुणाच्या चावीची वाट बघायची नाही.

वहिनी सुखरूप मोकळी झाली की गाडी तुमच्या दारात आणून देईन. मी स्वतः चालवत आणीन. त्यानंतर राहीन की परत येईन, ते तेव्हा सांगेन. आज सांगितलं तर अंदाजाने सांगितल्यासारखं होईल.

तो एसटीने येतो आहे. शहापूरला मुरबाडची गाडी चुकली तर पोहोचायला अंधार पडेल. इथे पाहुण्यासारखा जेवला, अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. आत्यांना सांगा, आज त्याला काही विचारू नका. ताट वाढा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत कुणीतरी त्याच्याजवळ बसा.

तुमची,
प्रियांका